बत्तीस पानी शूरवीर

महिपती गुरुजींच्या पुस्तकात मरायचं तर छातीवर सात गोळ्या लागाव्या लागतात. पाच लागल्या तर माणूस नुसता जखमी होतो आणि एकतिसाव्या पानापर्यंत भाषण करत राहतो. पाठीत गोळी लागण्याची सोयच त्या पुस्तकांत नाही. हे मी खात्रीनं सांगते, कारण त्यांच्या 'रणशिंग बालमाले'तल्या बाराही पुस्तकांची चित्रं माझी आहेत, आणि बारावं पुस्तक आमच्या दोघांच्याही चांगलंच अंगाशी आलं.

मी वृंदा. पेणला आमचा गणपतीचा कारखाना आहे आणि मी आखणी करते, म्हणजे मूर्तीचे डोळे रंगवते. गणपती बोळवले की काही दिवस हात मोकळे असतात. त्या दिवसांत मी गुरुजींचे शूरवीर रंगवायची.

ते काम सोपं होतं. कारखान्यात जसे साचे, तसे मी शूरवीरांचेही चार साचे करून ठेवले होते. उभा वीर, घोड्यावरचा वीर, तलवार उगारलेला वीर आणि पडलेला वीर. पगडी काढून लोखंडी टोप घातला की माणूस तीनशे वर्षं पुढे आला. तलवारीच्या जागी बंदूक दिली की झालं. शत्रूसाठी पाचवा साचा होता: सुटलेली ढेरी, गलमिशा आणि घाबरलेले डोळे. तीनशे वर्षांतले सगळ्या देशांचे शत्रू माझ्याकडे एकाच आईच्या पोटचे होते. एका पुस्तकात रणगाड्यावर उभ्या राहिलेल्या जवानाचा उजवा हात मी सवयीनं आशीर्वाद देणारा काढला. गुरुजींच्या लक्षात आलं नाही. एका शाळेतून मात्र पत्र आलं, की चित्रं फार प्रसन्न आहेत.

गुरुजींचेही साचे होतेच. वीराच्या जन्माआधी आईला स्वप्न पडायचं. सातव्या वर्षी तो साप मारायचा. मग तीन पानं लढाई, मग गोळ्या, मग भाषण, आणि बत्तिसाव्या पानावर 'मुलांनो, आता सांगा पाहू'. त्यात पहिला प्रश्न कायम एकच असे, वीराच्या छातीवर किती गोळ्या लागल्या? पोरं बिचारी सात म्हणून लिहून मोकळी व्हायची. स्वतः गुरुजींनी जन्मात केलेली एकमेव चढाई म्हणजे पेण स्टँडवर एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणं. निवृत्तीनंतर त्यांनी राखाडी सफारी शिवून घेतला होता आणि त्याच्या खिशाला कायम दोन पेनं लावलेली असत.

ते शहाण्णव साल होतं. एकाहत्तरच्या लढाईला पंचवीस वर्षं होत होती. कुठल्याशा योजनेत शाळांसाठी शौर्याची पुस्तकं घ्यायचं ठरलं होतं, पण वीर आपल्या भागातला हवा अशी अट होती. गुरुजींची पंचाईत झाली. त्यांचे सगळे वीर लांबलांबचे होते. मग त्यांना जवळच्याच जिते गावचा गोविंदा आठवला. मिठागरावर राबणाऱ्या घरातला हा पोरगा फौजेत गेला आणि एकाहत्तरच्या डिसेंबरात सरहद्दीवर मेला. त्याच्याच तुकडीतला एक माणूस रोह्याला, पुलापलीकडे अष्टमीत राहतो असं कळलं. गुरुजी मला म्हणाले, "तूही चल. वर्दी नीट बघून घे. लोकांना बारकावे लागतात."

तो माणूस म्हणजे इझिकेल अष्टमकर, बेने इस्रायल, म्हणजे कोकणातला ज्यू. हवालदार म्हणून फौजेतून सुटला, मग धाटावच्या एका कंपनीत शिफ्टवर वॉचमन. मुलगा एझ्रा आणि मुलगी डेबोरा केव्हाच इस्रायलला गेलेली. आता नवराबायकोही निघाली होती, डिसेंबरअखेरची तिकिटं हातात होती. आम्ही गेलो तर घरात दोरीनं बांधलेल्या पेट्या. त्यांच्या बायकोनं, साराबाईंनी, आमच्यापुढे बशा ठेवल्या. गोड पोहे, वर ओलं खोबरं आणि केळ्याचे काप. जाण्याआधी त्यांनी त्यांच्या प्रेषिताच्या, एलियाहू हन्नबीच्या नावानं मलिदा केला होता, त्यातलाच तो प्रसाद.

गुरुजींनी वही उघडली. "हं, सांगा. गोविंदानं किती शत्रू मारले?"

"गोविंदानं?" इझिकेलकाका म्हणाले. "एकपण नाय. तो लांगरी होता."

लांगरी म्हणजे फौजेतला स्वयंपाकी. गुरुजींचं पेन थांबलं. "पण बंदूक तर असेल?"

"त्या दिवशी हातात डबे होते. आम्ही दहा जण पुढच्या खंदकात. दोन दिवस पोटात काय नाय. तिसऱ्या दिवशी दुपारी गोविंदा आला. खांद्यावर दांडी, दांडीला दोन डबे, कावडीसारखे. एकात भात, एकात डाळ. वाटेत डाळीच्या डब्याला गोळी लागून भोक पडलेलं, तर त्यात चिंधी कोंबून आणलीन. अर्धीपण सांडू दिली नाय."

"बरं, मग?"

"मग आम्ही जेवलो. डाळ..." काका बशीकडे बघत बोलले, "डाळ पुरली नाय. मी म्हटलं, गोविंदा, आणखी मिळंल का रे? तो म्हणाला, हा आलोच. डबे उचलले नि वळला. पन्नास पावलं गेला असंल."

साराबाई पोहे वाढायच्या थांबल्या. गुरुजींनी वहीत काही लिहिलं नाही. मी शेजारी बसून बघत होते, कागद कोरा होता.

"म्हणजे गोळी पाठीत लागली," गुरुजी म्हणाले.

"जाणाऱ्या माणसाला पाठीतच लागणार ना, गुरुजी."

"ते खरं हो. पण समजा, त्या वेळी त्याच्या हातात बंदूक असती, तर त्यानं किती मारले असते?"

काकांनी बशी बाजूला सारली. मग हळू आवाजात म्हणाले, "तुम्ही लिहिताय ते एका गोष्टीसाठी बरं झालं. दोन वर्षांमागे मी पनवेलहून येत होतो. जित्याला गाडी थांबली. फलाटावर एक बाई सुका जवळा विकत बसली होती. डब्यातली माणसं बोलली, ती बघ पळपुट्याची बायको. गोविंदाचं नाव घेतलं म्हणून मला कळलं. अख्खं गाव म्हणतं तो पळताना मेला. तुम्ही डाळीचं लिवा. तो मागे का वळला ते लिवा. छापलेलं असलं म्हणजे लोक मानतात."

"तुम्ही स्वतः जाऊन का नाही सांगितलंत?" मी विचारलं.

"इकडं रेल्वे आली तेव्हापासून, तो एक दिवस सोडला तर, जित्याला गाडी थांबली की मी दुसऱ्या बाजूच्या खिडकीत बघतो, पोरी. जाऊन काय सांगू? तुझ्या नवऱ्याला मी पाठवलं म्हणून?"

मला त्यांचा रागच आला. खंदकात बसून लढलेला माणूस, आणि त्याला एका फलाटावर उतरवत नव्हतं. पण तो राग निदान माणसावरचा होता. परतीच्या वाटेवर गुरुजी पुलावर थांबले आणि कुंडलिकेकडे बघत म्हणाले, "लांगरी नको. सुभेदार करू." तेव्हा मला राग नाही, किळस आली.

चार दिवसांनी गुरुजींनी मला गोविंदाचा फोटो आणायला जित्याला पाठवलं. सोबत या म्हटलं तर म्हणाले, कामं आहेत. फोटोबरोबर फौजेकडून आलेलं पत्रही मागायला सांगितलं. प्रकाशनाच्या वेळी स्टेजवर मांडायचं होतं, शिक्का लोकांना दिसेल असं.

बायजाबाई ओटीवर जवळा निवडत होत्या. पन्नाशीच्या, काटक. लग्नाला दीड वर्ष झालं तेव्हा गोविंदा गेला, मूलबाळ नाही. मी पुस्तकाचं सांगितलं तर त्यांनी हातातलं सूप खाली ठेवलं.

"नको गो बाय. छापू नका."

"का?"

"आतापरत नुसती मोठी मान्सं बोलायची. आता पोरं वाचतील नि हसतील. मना रोज फलाटावर बसाचा हाय."

फोटो एकच होता, लग्नातला. त्याला ओल लागून गोविंदाचा चेहरा पार गेला होता. खांदे तेवढे राहिले होते, त्यातला डावा उतरलेला. मी विचारलं तर म्हणाल्या, बारक्यापणी मिठागरावर कावड वाहून तसा झाला, फौजेतही सरळ झाला नाही. मग मी पत्राबद्दल विचारलं.

"हाय. पत्र्याच्या पेटीत हाय. पन वाचू नको माझ्याम्होरं. एकदा वाचला, तवाच काय ते कळला."

"कुणी वाचलं होतं?"

"तुझ्याच गुरुजीनं. तवा हिकडं साळंवर व्हता ना तो. पायरीवर उभा र्‍हाऊन वाचलान, सगल्या गावाम्होरं. बोलला, पाठीत गोळी. मंग घडी केलान नि दिलान माझ्या हातात. कोनतरी बोलला, पाठीत म्हंजी पळत व्हता. मास्तर काय बोलला नाय. गप र्‍हायला."

पत्र त्यांनी पेटीतून काढलंच नाही, आणि डाळीचं मीही सांगितलं नाही; ते काकांच्याच तोंडून ऐकलं तर त्या मानतील असं वाटलं. मी पेणला आले ती सरळ गुरुजींच्या घरी. ते झोपाळ्यावर बसून मुद्रितं तपासत होते. पुस्तकाचं नाव ठरलं होतं: 'सुभेदार गोविंदा, जित्याचा वाघ'.

"गुरुजी, पंचवीस वर्षांपूर्वी ते पत्र तुम्ही वाचलंत?"

"हो तर. इंग्रजीत होतं. गावात दुसरं कोण होतं वाचणारं?"

"पूर्ण वाचलंत?"

"महत्त्वाचं ते वाचलं. पुढे जेवणाखाणाचं काहीतरी होतं."

इतकं सहज म्हणाले की मला आधी कळलंच नाही. जेवणाखाणाचं काहीतरी. एका ओळीचा कंटाळा केला ह्या माणसानं, आणि एक बाई पंचवीस वर्षं मान खाली घालून जवळा विकते आहे. मी हे सगळं तोंडावर सांगितलं. लहानपणापासून ज्यांच्या पाया पडले त्यांना मी इतकं कधी बोलले नव्हते.

गुरुजी मुळीच चिडले नाहीत. त्यांनी मला वर्गातल्या ढ मुलीसारखं समजावलं. "अगं, म्हणूनच तर छातीवर सात गोळ्या दिल्यात. डाग धुऊन निघेल की नाही?"

"गावाला पाठीतलं ठाऊक आहे. तुम्हीच सांगितलंय. हसतील लोक."

"पुस्तक मुलांसाठी आहे, वृंदा. डाळीनं मुलांच्या अंगावर काटा येत नाही."

त्यांच्यापुढे आणखी डोकं फोडून उपयोग नव्हता. मी घरी आले आणि साचे काढले. काम सोडून द्यावं असं मनात आलं होतं, पण मी सोडलं असतं तर त्यांनी दुसऱ्याकडून सुभेदार काढून घेतला असता, आणि बायजाबाईंच्या वाट्याला तो आला असता. शिवाय मी तरी कुठली मोठी? अकरा पुस्तकं मीच रंगवली होती. त्या ढेरपोट्या शत्रूला बघून पोरं हसली तेव्हा मला बरंच वाटलं होतं.

आता आमच्या कारखान्याची एक शिस्त सांगायला हवी. आखणी झाल्याशिवाय गिऱ्हाइकानं मूर्तीच्या तोंडाकडे बघायचं नाही, हा माझ्या आजोबांचा नियम. पेणच्या माणसाच्या तो हाडीमाशी भिनतो. गुरुजी तर चित्रांनाही तो लावत. बिनडोळ्यांचा वीर पाहिला तर पुस्तक खपत नाही, अशी त्यांची पक्की समजूत होती. म्हणून दर वेळी चित्रं पाकिटात घालून मी त्यांच्याकडे द्यायची, ते मान वळवून पाकिटातल्या पाकिटात मोजायचे आणि पुन्हा माझ्याच हातात ठेवायचे. मग मी छापखान्यात जाऊन, प्लेट करायच्या आधी, सगळ्यांचे डोळे काढायची. गुरुजी चित्रं बघायचे ती छापून आल्यावर. मुलांना शत्रूच्या डोळ्याला डोळा भिडवायला सांगणारा माणूस कागदावरच्या बिनडोळ्या शिपायाला घाबरत होता.

पंधरा चित्रं मी साच्यातून काढली. साप मारणारा बालगोविंदा काढला, सतरा शत्रू काढले, सुभेदाराच्या मिशा काढल्या. सोळाव्यासाठी साचा घेतला नाही. एकतिसाव्या पानाच्या समोर, जिथे वीर पडलेला दाखवायचा असतो, तिथे मी पाठमोरा माणूस काढला. खांद्यावर दांडी, दांडीला दोन डबे, एका डब्याच्या भोकात चिंधी. डावा खांदा उतरलेला. रिकामे डबे घेऊन भराभर चाललेला. जाणाऱ्याची पावलं मला तीनदा खोडावी लागली, कारण चालणारा माणूस मी आजवर काढलाच नव्हता. आमच्याकडे सगळे बसलेले असतात. त्या चित्रात डोळे काढायचेच नव्हते, त्यामुळे ते पहिल्यापासून पूर्ण होतं. गुरुजींनी मान वळवून सोळा मोजली आणि पाकीट परत दिलं.

छापायला टाकल्यावर मी अष्टमीला जाऊन इझिकेलकाकांना प्रकाशनाचं सांगितलं. सोळा डिसेंबर, जित्याची शाळा, सकाळी दहा. काका नाही नाही म्हणत राहिले. साराबाई आतून बाहेर आल्या.

"अहो, पंचवीस वर्षं तुम्ही झोपेत डाळ मागताय. ती मी ऐकलीय. ती तिकडं घेऊन जायची नाय. एवढा उतरा त्या स्टेशनवर."

सोळा तारखेला शाळेपुढे मांडव होता. स्टेजवर पंचायत समितीचे सभापती, गुरुजी आणि कडेच्या खुर्चीवर, सभापतींचा निरोप मोडवेना म्हणून आलेल्या बायजाबाई, मांडीवर शाल आणि नारळ. मी शेजारी, चित्रकार म्हणून. समईच्या शेजारी ताटात गुरुजींनी बायजाबाईंकडून मागवलेलं ते पत्र, शिक्का वर येईल असं घडी घालून ठेवलेलं. पुस्तकांचे गठ्ठे त्याच सकाळी छापखान्यातून आले होते. गुरुजींनी एक प्रत उघडून पाहिली होती, पण मलपृष्ठावरचा स्वतःचा फोटो बघण्यापुरतीच.

भाषण पाऊण तास झालं. त्यात आईचं स्वप्न आलं, साप आला. मग गुरुजींनी पुस्तक हातात धरून एकोणतिसावं पान मोठ्यानं वाचलं: "आणि त्या नरवीरानं शत्रूच्या सात गोळ्या आपल्या निधड्या छातीवर झेलल्या!"

मांडवातून कुणीतरी मोठ्यानं म्हणालं, "छातीवर? मंग पंचवीस वर्सांमागं पाठ कोनाची वाचली व्हती?"

लोक हसले. आधी मागचे, मग पुढचे, मग काही न कळता पोरंही. बायजाबाईंनी मान वर केली नाही. हातात दिलेली प्रत त्या उलटत राहिल्या. वाचता येत नव्हतं, म्हणून फक्त चित्रं बघत होत्या. साप गेला, मिशा गेल्या, सतरा शत्रू गेले. मग त्यांचा हात थांबला.

मग त्यांनी त्या पानावर बोट ठेवलं, डाव्या खांद्यावर.

"ही त्येची पाठ हाय," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "हे डबे कोनी सांगितलं तुला?"

मी मांडवाच्या मागच्या टोकाकडे हात केला. तिथे साराबाईंशेजारी इझिकेलकाका बसले होते. ते उभे राहिले. बसलेल्या सगळ्या माना मागे वळल्या.

गुरुजींनी तोवर माझ्या हातून प्रत ओढून ते पान पाहिलं होतं. त्यांचा चेहरा असा झाला की त्याची आखणी मलाही जमली नसती. "हे काय? हा कोण? ह्याला तोंड कुठंय?" ते माझ्या कानाशी फुसफुसले. तेवढ्यात बायजाबाई उठल्या. मांडीवरचा नारळ गडगडत सभापतींच्या पायाशी गेला. त्यांनी ताटातलं पत्र उचललं आणि समोर पोरांना गप्प करत उभे असलेले इंग्रजीचे नवे मास्तर, ध्रुव सर, त्यांच्या हातात दिलं.

"वाच. शेवटापरत वाच. एकपन वळ सोडू नको."

"बाई, हे कार्यक्रमात नाही..." गुरुजी म्हणाले.

"तू बस, मास्तर," बायजाबाई म्हणाल्या. आणि गुरुजी बसले. त्यांच्या बाराही पुस्तकांत इतक्या पटकन कुणी शरण आलं नव्हतं.

ध्रुव सरांनी आधी मनात वाचलं, मग एकेक ओळ मराठीत सांगितली. गोविंदाला पाठीत गोळी लागून वीरमरण आलं. तोफांचा मारा चालू असताना तो पुढच्या खंदकात जेवण घेऊन गेला होता. दहा जवानांना त्यानं जेवू घातलं. त्यांना आणखी हवं आहे हे कळल्यावर, कुणाचा हुकूम नसताना, आपण होऊन तो पुन्हा आणायला निघाला आणि वाटेत पडला. असा माणूस माझ्या हाताखाली होता याचा मला अभिमान वाटतो. खाली त्याच्या साहेबाची सही.

सर थांबले. मांडवात कुणी हसलं नाही. मघाशी ओरडलेला माणूस पायातल्या चपलेकडे बघत होता. मला त्याची दया आली नाही, अजूनही येत नाही.

इझिकेलकाका गर्दीतून वाट काढत स्टेजच्या पायरीपर्यंत आले होते. वर चढले नाहीत. "वहिनी," ते म्हणाले, "आणखी मागितलं तो मी. आणि ह्या पोरीला, गुरुजींना मी खोटं सांगितलं. डाळ पुरली होती. सगळ्यांची पोटं भरली होती. पण त्या डाळीत आमसूल होतं. तिकडं, त्या थंडीत, आमसूल. घरच्यासारखी लागली म्हणून मी मागितली. हावरेपणानं मागितली. नसती मागितली तर..."

बायजाबाई त्यांच्याकडे टक लावून बघत होत्या. मला वाटलं आता ह्या त्यांच्या तोंडावर शाल फेकणार, आणि फेकली असती तर मी तरी त्यांना अडवलं नसतं.

"आमसूल मीच दिलता," त्या म्हणाल्या. "सुट्टीवरना जाताना, पुडी बांधून. बोलली, तिकडच्यांना घाल, म्हंजी चव कळंल." मग म्हणाल्या, "कोनी त्येच्या हातची डाळ परत मागितली नि तो बसून र्‍हायला, असा व्हनार व्हता व्हय? मागितलात ते बरा केलात."

एवढं बोलून त्या पदरानं तोंड झाकून रडल्या. आधी एकट्या, मग त्यांच्या शेजारणी स्टेजवर येऊन रडल्या, ज्या पंचवीस वर्षं त्यांना पळपुट्याची बायको म्हणत होत्या. सभापतींनी आभार मानायचे कुणी असं खुणेनं विचारलं. मीही रडले, उगाच नाही म्हणणार नाही.

डिसेंबरअखेर अष्टमकर नवराबायको गेली. जाताना साराबाईंच्या पेटीत बायजाबाईंनी दिलेलं शेरभर आमसूल होतं.

गुरुजींनी माझ्याशी बोलणं टाकलं. पण त्यांना मी ओळखते, त्यांना शिकवणं कुणाच्या बापाला जमायचं नाही. सहा महिन्यांत दुसरी, 'सुधारून वाढवलेली' आवृत्ती निघाली. तीत त्यांनी डाळ घेतली. गोविंदा आता खंदकात उभा राहून उकळत्या डाळीचा डबा गरगर फिरवतो आणि सतरा शत्रूंना लोळवतो, आणि मग छातीवर सात गोळ्या झेलतो. चित्रं दुसऱ्या कुणाची आहेत. बत्तिसाव्या पानावर प्रश्न वाढलाय: डाळ कशाची होती? प्रस्तावनेत लिहिलंय की वीराच्या पत्नीच्या आग्रहास्तव हा प्रसंग घातला.

त्यानंतर एकदा मी रोह्याला जाताना मुद्दाम जित्याला उतरले. बायजाबाई फलाटावर बसल्या होत्या, मान वर. घरी घेऊन गेल्या. भिंतीवर, देवांच्या शेजारी, ते पाठमोरं चित्र कापून भाताच्या खळीनं चिकटवलेलं होतं. मी म्हटलं, "बाकीचं पुस्तक कुठंय?"

"पन्नास टाकून गेलाय तुझा गुरुजी, नव्या नि जुन्या. वाटा बोलला." त्यांनी मला पावशेर जवळा घ्यायला लावला. शेजारच्या चळतीतली एक प्रत ओढली, निधड्या छातीचं पान टरकन फाडलं आणि त्यात जवळा बांधून दिला. कागद चांगला जाड होता. पेणपर्यंत पुडी सुटली नाही, आणि गुरुजींचं एखादं पुस्तक कुणाच्या इतकं उपयोगी पडल्याचं मी पहिल्यांदाच पाहत होते.